सरव्याची बाग

भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे, दिवस आले की माझा उजवा अंगठा दुखतो. घरात ही थट्टा झाली आहे. लेक म्हणते, "आई, तू जन्मात कधी चिखलात उतरलीस गं?" तिचंही खरंच आहे म्हणा. माझं माहेर माकुणसारचं. केळी, पानवेली, नारळ, असला सगळा सावलीतला कारभार. भाताची चार खाचरं होती, पण आम्हा मुलींचं काम बांधावर छत्री धरून उभं राहायचं आणि चहाची किटली सांडू द्यायची नाही, एवढंच. पुढे लग्न होऊन पालघरला आले, शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि मग चिखलाशी संबंध उरला तो चपलेपुरता. तरी अंगठा दुखतो. कारण आयुष्यात एक दिवस मी आवणी केली आहे. भाताची नव्हे, हरळीची. आणि तीही पालघरच्या बाजारात.

हसा, हसा. तेव्हाही सगळे हसलेच होते.

परवा सफाळ्याला नणंदेकडे गेले होते. तिच्या मागच्या दारातून खाचरं दिसतात. दहा-बारा बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर निळे प्लास्टिकचे कागद बांधलेले. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागे यायचं. पुढे लावत जायचं आणि आपण मागे सरत जायचं. त्या चिखलाचा एक वास असतो, कुजलेल्या पानांचा, शेणाचा आणि रोपांसाठी भाजलेल्या राबाच्या राखेचा मिळून झालेला. नणंद म्हणाली, "आत ये, भिजशील." मी दारात तशीच उभी राहिले. ओळीतली एक बाई अगदी बारकीसारखी वाकली होती, कमरेत, गुडघे ताठ ठेवून. बारकी असणं शक्य नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी उभी राहिले.

बारकी डोंगराकडच्या एका पाड्यावरची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. ती आणि तिच्या पाड्यावरच्या चार-पाच जणी सकाळच्या एस.टी.ने पालघरच्या बाजारात यायच्या. पावसाळ्याआधी शेवळं, श्रावणात करटोली असल्या रानभाज्या, मग पळसाची पानं, उन्हाळ्यात जळणाच्या मोळ्या. बारापर्यंत सगळं विकून व्हायचं. परतीची एस.टी. चारची, आणि तीच शेवटची. मधले चार तास त्या बसायच्या स्टेशनमागच्या जुन्या गवताच्या वखारीच्या जागेत. वखार कधीच बंद पडली होती. उरला होता मोकळा तुकडा, तीन जुनी करंजाची झाडं आणि एक हातपंप. करंजाची सावली कशी असते, ते त्याखाली बसलेल्यालाच कळतं. वैशाखातसुद्धा जमीन पायाला गार लागते. तिथे त्या भाकर सोडायच्या, पंपावर पाणी प्यायच्या, आडव्या व्हायच्या, एकमेकींच्या उवा बघायच्या. मधल्या सुट्टीत मी त्याच वाटेने घरी जेवायला यायचे. बारकी हाक मारायची, "बाय, करटोली नको का? तुजा नवरा खातो ना?" माझ्या नवऱ्याला करटोली आवडतात, हे पालघरात तिला आणि मला दोघींनाच माहीत होतं.

आमचा एक सेवाभावी क्लब होता. डॉक्टर, वकील, भातगिरणीवाले, बोईसरच्या कारखान्यांतले दोन इंजिनियर, आणि आम्ही त्यांच्या बायका. दर महिन्याला सभा, सभेत बटाटेवडे आणि सेवा. सेवेत रक्तदान व्हायचं, चष्मेवाटप व्हायचं. त्या वर्षी अध्यक्ष होते गिरणीवाले मधुभाई. माणूस मनाने मोठा, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेवाच्या बापाला काढता यायचं नाही. त्यांच्या डोक्यात शिरली बाग. "एवढं मोठं तालुक्याचं गाव, आणि पोरांना खेळायला जागा नाही? म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे? रुळावर?" ग्रामपंचायतीने वखारीची जागा दिली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या, खोटं कशाला सांगू?

खरं तर बागेसाठी आम्ही सगळ्यांनी मनापासून राबलो. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की आम्ही म्हणजे कुणी दुष्ट होतो. डॉक्टर स्वतः घमेली उचलत होते. माझ्या यजमानांनी सुट्टीच्या दिवशी दगड रंगवले. बोईसरच्या इंजिनियरांनी लोखंडी कुंपण करून दिलं. ते बसवायला सरावलीहून एक वेल्डर यायचा. फाटक बसवताना त्याने मला विचारलं, "मॅडम, ताला अंदर से लगेगा या बाहर से?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "दोन्हीकडून लागू दे."

मधुभाईंना हवं होतं लॉन. मुंबईत कुठेतरी पाहून आले होते. बी आणलं, पेरलं, आणि आषाढातल्या एका रात्रीच्या पावसाने सगळं गटारात नेलं. मग कुणी जाणत्याने सांगितलं, इथल्या पावसात बी टिकायचं नाही, हरळीचे ठोंब आणा आणि एकेक लावा. एकेक! सभेत सगळ्यांची तोंडं उतरली. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "अहो, मग ती आवणीच की! आवणीला कोण लागतं ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी बारकीला गाठलं. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. "हरळी? हरळी कोनी लावतं काय गं बाय? ती उपटाया आमचा जनम जातो!" बाकीच्या बायका तर हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पण आल्या. श्रावणातला दिवस होता, ऊन-पाऊस चालला होता. त्यांनी पदर खोचले, हरळीच्या मुठी बांधून घेतल्या आणि मागच्या भिंतीपासून ओळ धरली. लावायच्या आणि मागे सरायच्या. बाजारातली माणसं कुंपणाला टेकून बघत होती. मलाही सुरसुरी आली. साडी वर खोचून मी बारकीच्या शेजारी ओळीत उभी राहिले. माझे ठोंब आडवे पडायला लागले. बारकीने माझं मनगट धरलं. तिचा हात खरखरीत आणि ऊन होता. "बोटांनी नको, अंगठ्यानं दाब. त्याला वाटाया पायजे, कोनीतरी धरलाय."

वाकल्या वाकल्याच तिने विचारलं, "इथं काय व्हनार, बाय?"

"बाग होणार. बसायला जागा."

"आमाला बी बसाया?"

"अगं, सगळ्यांना! तुम्हाला तर आधी. तुम्हीच लावताय ना? पाडव्यापर्यंत कळ काढा."

मनापासून म्हणाले होते. आजही मी हे शपथेवर सांगेन.

दिवेलागणीच्या बऱ्याच आधी काम संपलं, कारण त्यांना चारची एस.टी. गाठायची होती. शेवटची ओळ फाटकाच्या तोंडाशी लागली आणि बायका मागे सरत सरत फाटकातून बाहेर रस्त्यावर आल्या. सगळी आवणी त्यांच्या डोळ्यांसमोर आणि त्या बाहेर. रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून मी लगेच फाटक लावलं. शेतातही असंच करतात, लावून झालं की खाचरात कुणी पाय टाकत नाही. त्यामुळे तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही, आणि त्यांनाही वाटलं नसावं.

त्यानंतरचे सात-आठ महिने त्या रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसत. दुकानदार कधी पाणी मारून उठवायचा. मी जाताना बारकी विचारायची, "पाडवा कवा हाय गं?" मी म्हणायचे, "येतोय, येतोय." हिवाळ्यात हरळी अशी धरली की विचारू नका! पायाने दाबलं तर गादीसारखी दबायची आणि परत वर यायची. दव पडलं की सकाळी शाळेत जाताना मी मुद्दाम कुंपणापाशी थांबायचे. एवढं हिरवं पालघरच्या बाजारात कुणी पाहिलंच नव्हतं. माझ्या ओळीतली हरळी जरा विरळ होती, ती मला बरोबर ओळखू यायची.

फाल्गुनात बागेच्या वेळेबद्दल सभा झाली. दिवसभर उघडी ठेवली तर रिकामटेकडे येऊन झोपतील, पत्ते कुटतील, लॉनची वाट लागेल, असं बहुतेकांचं मत पडलं. मुलं शाळेतून येतात, पुरुषमंडळी बोईसरहून परततात, तेव्हा संध्याकाळी पाच ते आठ ठीक. "बाई, तुमचं काय?" मधुभाईंनी विचारलं. माझी शाळा साडेचारला सुटायची. मी म्हटलं, "पाच ते आठ मला सोयीचं आहे." मला! माझ्या डोक्यात त्या क्षणी चारची एस.टी. आलीच नाही. आठवून विसरले असते तर निदान पाप तरी म्हणता आलं असतं. मला ती आठवलीसुद्धा नाही.

पाटी लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. मराठीची बाई ना मी. 'हे उद्यान सर्वांसाठी खुले आहे. वेळ : सायंकाळी ५ ते ८.' पेंटर अनुस्वार द्यायचा विसरला होता, तर मी त्याला शिडीवरून खाली उतरवून परत चढवला. सर्वांसाठी. 'वां'वर टिंब हवं म्हणजे हवं.

पाडव्याला उद्घाटन झालं. भोंगा लावला होता. मधुभाईंनी पाटी मला वाचायला सांगितली. मी पेपर-सिल्कची साडी नेसून, घसा खाकरून वाचली, "हे उद्यान सर्वांसाठी खुले आहे!" वेळ वाचायच्या आत टाळ्या सुरू झाल्या, म्हणून ती मी वाचलीच नाही. कुंपणाबाहेर बारकी आणि तिच्या जोडीदारणी धुतलेली लुगडी नेसून उभ्या होत्या. बारकीने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

क्लबाच्या बाग कमिटीने देखरेख आणि एक किल्ली माझ्याकडे दिली होती, म्हणून पुढच्याच आठवड्यात भर दुपारी बागेचा वॉचमन शाळेत आला. "बाई, चला लवकर. मी जेवायला गेलो, फाटक उघडं राहिलं, आत बायका शिरल्यात." मी तणतणत गेले. बघते तर करंजाखाली पाच जणी बसलेल्या. लॉनवर पाऊल नाही कुणाचं. भिंतीच्या कडेकडेने गेल्या होत्या, तसा मातीत पायांचा माग दिसत होता. करंजाच्या वाळक्या शेंगांचा सडा पडला होता, त्या त्यांनी वेचून ओटीत भरल्या होत्या. करंजाच्या बियांचं तेल निघतं, बाजारात कुणीतरी घेतं त्या. पंपाखाली तोंडं धुतलेली, पदर ओले.

"बारके, हे काय गं? कुणी सांगितलं आत यायला?"

तिला माझ्या रागाचं खरोखर नवल वाटलं. "तूच की बाय! भोंग्यावर बोललीस ना, बाग सरव्यासाठी खुली हाय. तुमचं सांजचं असतं. दुपारला मालक नसतो, मंग सरवा आमचा. गवताला हात नाय लावला, बघ."

भात कापून, भारे बांधून मालकाने खळ्यावर नेले की शेतात ज्या लोंब्या पडून राहतात, तो सरवा. तो गोरगरिबांनी वेचायचा, त्याला मालकाने नाही म्हणायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. माझ्या सर्वांसाठीचा तिने सरवा केला होता. मला हसू फुटलं. शाळेतलं बाईपण उफाळून आलं. "अगं, सरवा नाही! सर्वांसाठी. स-र्वां!"

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांसाठी."

तिने जोडीदारणींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग बसू ना?"

आता माझं हसू गेलं. म्हटलं, "पाच वाजता या. पाच ते आठ. पाटीवर लिहिलंय."

"पाचला नाय गं बाय. चारची गाडी गेली का मंग घरा कसं जावं?"

उत्तर सोपं होतं. बसा म्हणायचं होतं, चार वाजेपर्यंत बसा. किल्ली माझ्याच हातात होती. पण वॉचमन बघत होता, कुंपणापाशी दोघे-चौघे जमले होते, आणि उद्या सभेत कुणी म्हणालं असतं, बाईच नियम मोडतात. मी म्हटलं, "मी कमिटीत विचारते. पण आत्ता उठा."

त्या उठल्या. वाद नाही, काही नाही. बारकीने ओटी सोडली आणि सगळ्या शेंगा परत करंजाच्या बुंध्याशी ओतल्या. बाकीच्यांनीही ओतल्या. ने गं, असं माझ्या मनात आलं, तोंडात आलं नाही. त्या भिंतीच्या कडेनेच बाहेर गेल्या. मी वॉचमनला सांगितलं, "कुलूप लाव. आणि पुन्हा कुणाला सोडू नकोस." त्या अजून ऐकू येईल एवढ्या अंतरावर होत्या की नव्हत्या, हे मी कितीतरी वेळा मनाशी मोजून पाहिलं आहे.

आणि कमिटीत? कमिटीत मी विचारलं नाही. कमिटीत मी किस्सा सांगितला. "बारकी मला म्हणते कशी, सरव्यासाठी खुली हाय!" तिच्या आवाजाची नक्कल करून, हात नाचवून सांगितला. लोक कोसळले हसून. मधुभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून क्लबात बागेचं नावच पडलं, सरव्याची बाग. कुणी पाहुणा आला की, "बाई, तो सरव्याचा किस्सा सांगा ना." मी सांगायचे. वर्षागणिक तो रंगत गेला. त्यात मी बारकीला आणखी दोन-तीन गमतीदार वाक्यंही दिली, जी ती कधी बोललीच नव्हती. टाळ्यांचा नाद वाईट. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, पण आम्ही तर वैद्याची नक्कलही करत होतो.

बारकी त्यानंतर उन्हाळाभर दिसली. स्टँडवर, टळटळीत उन्हात, डोक्यावर पळसाची पानं धरून. एकदा तिने विचारलं, "इचारलंस काय गं कमिटीला?" मी म्हटलं, "विचारलंय, बघू काय म्हणतात." ती म्हणाली, "बरं." पावसाळ्यात करटोली घेऊन आली नाही. बाजारातल्या एकीने सांगितलं, बारकी आता लेकीच्या सासरी राहते, मनोरच्या बाजारात बसते. माझ्या नवऱ्याने दोनदा विचारलं, यंदा करटोली नाहीत का? मी म्हटलं, यंदा आलीच नाहीत. बागेत संध्याकाळी पोरं झोपाळ्यावर झुलायची, म्हातारे वर्तमानपत्र वाचायचे. बाग चांगलीच चालली. दुपारभर मात्र ती गार सावली कुलपात रिकामी पडून असायची, आणि शेंगा पडून पडून कुजायच्या. वॉचमन त्या झाडून जाळायचा.

पुढे नव्वदच्या दशकात, मी निवृत्तीला टेकले होते तेव्हाची गोष्ट. आवणीचेच दिवस. आठवीच्या वर्गात शुद्धलेखन चाललं होतं. उच्चार नीट नसला तर अर्थाचा अनर्थ कसा होतो, याला उदाहरण म्हणून मी दर वर्षी तो किस्सा सांगायचे. वर्गात सांगताना स्वतःचं नाव घेत नसे. 'एक बाई होत्या, त्यांनी भोंग्यावर वाचलं' असं म्हणायचे. त्या दिवशीही सांगितला. नक्कल केली. वर्ग खिदळला. मागच्या बाकावर वसतिगृहातली एक मुलगी उभी राहिली. नवीनच होती, फारशी बोलत नसे.

"बाई, ती माजी आजी."

वर्ग आणखी हसला. मी डस्टर आपटलं. "कोण तुझी आजी?"

"बारकी. आमची आजी आमाला पन सांगायची ही गोष्ट. पन ती येगली सांगायची."

मला पुढे विचारायचं नव्हतं. पण सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. म्हटलं, "कशी सांगायची?"

"ती सांगायची, पालघरला एक बाय होती. तिनं भोंग्यावर सगल्या सायबांना सांगितलं का डोंगरच्या बायांना सरवा वेचू द्या. पन वॉचमन लई वाईट. त्यानं कुलूप लावलं. मंग ती बाय आमच्यासाठी कमिटीत जाऊन भांडली. पन तिचं कोनी ऐकलं नाय." मग ती म्हणाली, "आजी बोलायची, शिकाया पालघरला गेलीस का त्या बायला भेट. ती आपली हाय."

खिडकीवर पाऊस वाजत होता.

"बाई, तुमाला माहीत हाय ना ती गोष्ट? त्या बाई कुटं असतात?"

चाळीस पोरं बघत होती. तीस वर्षं मराठी शिकवलेली मी. मला एवढं सोपं वाक्य बोलता आलं नाही.

"त्या बदलून गेल्या गं. कधीच."

"भेटल्या तर सांगाल त्यांना? आजी गेली म्हनून. मागल्या माघात."

"सांगते हं," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली.